करडं बटण

टेक्स्ट एडिटर घ्यावा की आयडीई, यावर लोक इंटरनेटवर एकमेकांच्या अंगावर धावून जातात, असं मी ऐकलं होतं. ऐकून हसू आलं होतं. म्हटलं, रिकामटेकडी माणसं. ज्यात लिहायचं त्यात लिहा, प्रोग्रॅम चालल्याशी मतलब. पुढं याच प्रश्नानं माझी जी काही शोभा केली, ती इथं लिहून ठेवतेय. सांगताना अजूनही अंगावर पाल पडल्यासारखं होतं, पण सांगते.

मी इंदापूर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स शिकवत होते. 'तासिका तत्त्वावर'. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचं मानधन, आणि वर्ष संपलं की आपणही संपलो. जून आला की परत अर्ज करायचा, परत पाठ द्यायचा. पाठ म्हणजे निवड समितीसमोर मुलांना एक तास शिकवून दाखवायचं. आमच्या इथं तो नावालाच असायचा. दुसऱ्या कुणाचा अर्जच नसायचा. प्राचार्य दारातून डोकावायचे, "चालू द्या मॅडम" म्हणायचे आणि चहाला जायचे.

राहते वालचंदनगरच्या कॉलनीत. नवरा कारखान्यात नोकरीला. कॉलनीत प्रत्येक बाईला कुणाची तरी वहिनी नाहीतर काकू म्हणतात. मला मात्र 'कॉलेजच्या मॅडम' म्हणायचे. भाजीवालासुद्धा म्हणायचा, "मॅडम, मेथी चांगलीय बघा." मानधनात काय दम नव्हता, पेट्रोल गेलं की उरायचं किती! पण ते 'मॅडम' मला हवं होतं. ते गेलं की मी क्वार्टरमधली नुसती वहिनी. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण माझी सगळी धडपड त्याच्यासाठीच होती.

आता शिकवायचे कसं, तेही सांगते. मी स्वतः बारामतीला शिकले ते निळ्या पडद्याच्या जुन्या सॉफ्टवेअरवर. आमच्या पिढीतल्या इकडच्या सगळ्यांना तो निळा पडदा ठाऊक आहे. जग कुठल्या कुठं गेलं, पण आमच्याकडं तोच. आधी जर्नलमध्ये प्रोग्रॅम पेनानं लिहायचा, मार्जिन आखून. मग तो बघून जसाच्या तसा निळ्या पडद्यावर टाईप करायचा. मग दोन बटणं एकदम दाबायची की उत्तर हजर. आत काय घडलं, कुणी घडवलं, फाईल कुठं गेली, काही विचारायचं नाही. मी विचारलं नव्हतं, माझ्या मुलांनीही विचारलं नाही. प्रॅक्टिकलला मार्क भरभरून पडायचे. सगळे खूष.

मग लॅबमध्ये नवे कॉम्प्युटर आले आणि त्यांनी निळ्या पडद्याला घरातच घेतलं नाही. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, आता नवीन काय टाकायचं ते तुम्हीच ठरवा. पोरांना पुढं उपयोग झाला पाहिजे." कॉम्प्युटर बसवायला आलेल्या दुकानदारानं दोन्ही टाकून दिलं. एक साधा टेक्स्ट एडिटर, म्हणजे नुसतं लिहायचं पान. लिहा, फाईल ठेवा, आणि मग काळ्या खिडकीत जाऊन आपल्या हातानं हुकूम टाईप करा, की ही फाईल घे आणि चालव. दुसरं ते भलंमोठं आयडीई. लिहायचं, तपासायचं, चालवायचं सगळं एकाच खिडकीत, आणि वर एक हिरवं तिकोनी बटण. ते दाबलं की काम झालं.

नवऱ्याच्या लॅपटॉपवरही मी त्याच्याकडूनच दोन्ही टाकून घेतलं आणि घरी करून बघितलं. आधी एडिटर. प्रोग्रॅम फर्मास लिहिला. मग काळी खिडकी उघडली, हुकूम टाईप केला, तर म्हणे अशी फाईलच नाही. अगं बाई, आत्ता तर ठेवली! परत केलं. फाईल नाही. घरात कुणीही नव्हतं, तरी मी मागं वळून बघितलं. एवढी वर्षं शिकवतेय आणि साधी फाईल कुठं बसलीय ते सांगता येईना. ते पान मला काही येत नाही असं म्हणत नव्हतं, नुसतं माझ्याकडं बघत बसलं होतं. मी ते बंद करून टाकलं.

आयडीई मात्र लगेच चाललं. दुकानदारानं नमुन्याचा एक प्रोजेक्ट आधीच बनवून ठेवला होता. मी त्यातच लिहिलं, हिरवं बटण दाबलं, उत्तर आलं. जीव भांड्यात पडला. निळ्या पडद्याचाच थोरला भाऊ हा. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना मी ठणकावून सांगितलं, "सर, आयडीईच ठेवू. बाहेर कंपन्यांमध्ये हेच वापरतात." बाहेर काय वापरतात हे मला काय डोंबल माहीत! पण प्राचार्य इतिहासाचे, त्यांनी मान हलवली. मग जरा घुटमळले आणि म्हणाले, "मॅडम, यंदा आणखी एक अर्ज आलाय. तुमचीच विद्यार्थिनी आहे."

ती पोरगी मला चांगली आठवत होती. मोरगावची. कॉलेजच्या गावात मामाकडं राहून अकरावी-बारावी केली. पुढच्या बाकावर बसायची, कमी बोलायची, आणि जर्नल असं नेटकं की मी इतरांना दाखवायचे. पुढं बारामतीला डिग्री केली, मग एमएस्सी. पुण्याला नोकरी शोधून पाहिली, लागली नाही, आणि वर्षभर घरीच होती. तिला कुठंतरी पाय टेकवायला ही जागा हवी होती. आणि जागा एकच होती.

पाठाच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"मॅडम, मी अर्ज केलाय. तुमाला राग न्हाय ना आला?"

"राग कसला गं त्यात," मी म्हणाले. आला होता. चांगला सणसणीत आला होता.

"तुमी कशावर घेणार पाठ?"

"आयडीईवर. तू?"

"मी साध्या एडिटरवर घेईन म्हणते. पोरांना फाईल कुठं जाती, कशी चालती, ते दिसतं त्यात." मग अगदी हळू म्हणाली, "मॅडम, ते आयडीई हाय ना, त्यात आधी प्रोजेक्ट बनवायला लागतो. सुटी फाईल उघडून लिहिलं तर चालवायचं बटण करडंच ऱ्हातं. दाबलं तरी काय होत न्हाय."

"माहितीय मला," मी म्हणाले.

काय ते 'माहितीय मला'! प्रोजेक्ट कसा बनवायचा एवढं विचारलं असतं तर पोरीनं दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण माझ्याच विद्यार्थिनीला, तीही माझ्याच जागेवर डोळा ठेवलेली, मी कशी विचारणार? फोन ठेवला आणि साडीला इस्त्री करत बसले. इस्त्री मात्र कडक केली.

पाठाच्या दिवशी लॅबमध्ये बारावीची मुलं बसली होती. समितीत तिघं. प्राचार्य, गणिताचे ज्येष्ठ सर, आणि संस्थेचे एक संचालक, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो. आबांचा ऊस मोठा आणि आवाज त्याहून मोठा. कॉम्प्युटरमधलं तिघांनाही सारखंच कळत होतं. ती पोरगी शेवटच्या बाकावर बसली होती, साधा पंजाबी ड्रेस, मांडीवर पिशवी.

मी सीनियर म्हणून आधी माझा पाठ. आयडीई उघडलं, नवी फाईल घेतली आणि सुरू केलं. मूळ संख्या ओळखायचा प्रोग्रॅम. खोटं नाही सांगत, सुरुवात झकास झाली. मुलं ऐकत होती, आबा मान डोलवत होते. प्रोजेक्टरवर माझा प्रोग्रॅम हा एवढा मोठा दिसत होता. "आता आपण हा चालवून बघू," म्हणून मी वर गेले, तर बटण करडं.

दाबलं. काही नाही. परत दाबलं. तेव्हा आदल्या संध्याकाळचं तिचं बोलणं शब्दन् शब्द कानात वाजलं. प्रोजेक्ट. पण बनवतात कुठून? मेनू उघडला, त्यात कसली तरी खिडकी आली, ती मलाच प्रश्न विचारायला लागली, एक संपला की दुसरा. मी घाईघाईनं ती बंद केली. सगळं मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. माझी चुकत चाललेली प्रत्येक हालचाल भिंतीएवढी होऊन मुलांपुढं चालली होती.

"बटण दाबा की मॅडम," आबा म्हणाले.

"दाबलंय आबा."

"मग जरा जोरात दाबा."

मुलं हसली. मीही हसल्यासारखं केलं. शेवटच्या बाकाकडं बघितलं तर तिनं तोंड उघडलं होतं. माझी नजर पडताच मिटलं. "तांत्रिक अडचण आहे," असं पुटपुटून मी उरलेला प्रोग्रॅम तोंडी समजावला आणि खाली येऊन बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मग तिचा नंबर. ती पुढं आली, आणि आधी माझ्याजवळ येऊन वाकली. समितीसमोर, मुलांसमोर माझ्या पाया पडली. मी "असू दे, असू दे" म्हटलं. मनात म्हटलं, आता ही माझ्या डोळ्यांदेखत करून दाखवणार, आणि संध्याकाळपर्यंत कॉलनीला कळणार.

ती कॉम्प्युटरपुढं उभी राहिली. साधा एडिटर समोरच होता. तिचा माऊस त्याच्यावर गेला आणि तिथंच थांबला. बराच वेळ थांबला. मग तिथून हलला, आणि तिनं आयडीई उघडलं. मी सावरून बसले. तिनं सुटी फाईल घेतली. प्रोजेक्ट नाही, काही नाही, नुसती सुटी फाईल. तीच, जिच्याबद्दल आदल्या संध्याकाळी मला सांगत होती. प्रोग्रॅम तिनं सफाईदार लिहिला. मग माझ्यासारखीच वर गेली. बटण करडं. तिनं दाबलं, दोनदा दाबलं आणि मान खाली घालून म्हणाली, "सर, माझं बी होत न्हाय."

आबांनी मांडीवर थाप मारली. "बघा! दोघींचं बी तितंच अडाकलं. म्हंजे ह्यात बायांची चूक न्हाय, यंत्रातच खोट हाय."

निकाल तिथल्या तिथं लागला. दोघीही सारख्याच अडल्या, तेव्हा अनुभव बघू, म्हणून तास मला. आणि हे नवीन सॉफ्टवेअर भरवशाचं नाही, तेव्हा काहीतरी जुगाड करून जुनंच निळं टाकून घ्या, असं ठरलं. गणिताच्या सरांनी "जुनं ते खात्रीचं असतं" असं म्हणून चहा मागवला. म्हणजे झालं काय, नव्या कोऱ्या कॉम्प्युटरवर परत तोच निळा पडदा, तोही डब्यात डबा घातल्यासारखा एका दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत. चहा येईपर्यंत ती निघूनही गेली होती.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. नवरा म्हणाला, "जागा मिळाली ना? मग आता काय झालं?" मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पोरगी गुणाची आहे मग."

"गुणाची? माझी कीव केली तिनं! सगळ्यांसमोर भीक घातली मला!" मी ओरडले. तो बिचारा पेपर घेऊन बाहेर जाऊन बसला.

आठवडाभर ते डोक्यातून जाईना. लॅबमध्ये निळ्या पडद्यापुढं उभी राहिले की तिचा तो थांबलेला माऊस दिसायचा. शेवटी रविवारी उठले, स्कूटी बारामतीला स्टँडवर लावली आणि मोरगावची एसटी धरली. चांगलं झापायचं असं ठरवूनच निघाले होते.

घर गावाबाहेर, रानात. बाजरीची पेरणी नुकतीच झालेली. अंगणात शेरडं बांधली होती. तिची आई मला बघून धावतच बाहेर आली. "अगं बया, मॅडम आल्यात! ये गं भाईर!" सतरंजी टाकली, तांब्या आणला. चहा ठेवता ठेवता ती माऊली म्हणाली, "जागा तुमालाच मिळाली त्ये ब्येस झालं बघा. पोरगी म्हणलीच मला, आई, मॅडमपुढं माझं काय चालतंय."

तो चहा मी कसा गिळला ते माझं मला माहीत. आई अंगणात शेरडांना पाला टाकायला गेली, तशी मी तोंड सोडलं. "तुला कुणी सांगितलं होतं उपकार करायला? मी मागितले होते?"

ती गडबडली. "उपकार न्हाय वो मॅडम."

"मग काय ते? प्रोजेक्ट बनवायचा हे तूच मला सांगितलंस आणि तूच सुटी फाईल उघडतेस? मला काय दुधखुळी समजतेस?"

ती नुसती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला आणखीच चेव आला. म्हटलं, "काढ तुझा लॅपटॉप. बघू तरी काय आहे तुझ्या त्या साध्या एडिटरमध्ये. शिकव मला."

तिनं लॅपटॉप काढला. सतरंजीवर मी मांडी घालून बसले, ती बाजूला. तिनं एकदा सगळं करून दाखवलं. लिहिलं, फाईल ठेवली, काळ्या खिडकीत जाऊन हुकूम दिला, चाललं. एवढं सोपं दिसत होतं की मलाच माझा राग आला. मग लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. मी लिहिलं, फाईल ठेवली, हुकूम दिला. फाईल नाही. परत दिला. फाईल नाही. ती शेजारी बसून बघत होती. तिला चूक दिसत होती, हे तिच्या तोंडावरून कळत होतं. तरी गप्प. मी तिसऱ्यांदा तेच केलं.

"अगं चुकतंय तर बोल की!" मी खेकसले. "तोंड शिवलंय का?"

ती एकदम म्हणाली, "तुमीच सांगितलं व्हतं, मॅडम."

"काय सांगितलं होतं?"

"मॅडमची चूक चारचौघात काढायची न्हाय. दिसली तरी गप बसायचं, मागनं एकटं येऊन सांगायचं. म्हणून तर मी आदल्या दिशी फोन केला व्हता."

"इथं कुठं आहेत चारचौघं?"

तिनं अंगणाकडं बघितलं. "आई हाय की."

मी लॅपटॉपवरचा हात काढला. कारण मी ते सांगितलं होतं, आणि अगदी याच शब्दांत. दर वर्षी जूनमध्ये, नव्या वर्गाला, पहिल्याच तासाला. मला ती शिस्त वाटायची, चांगलं वळण वाटायचं. हीच पोरगी अकरावीत असताना एकदा हात वर करून म्हणाली होती, "मॅडम, तिथं चुकलंय." फळ्यावर खरंच चुकलं होतं. मी ते पुसून नीट केलं, आणि तिला तास संपेपर्यंत उभं ठेवलं. "पुढच्या वेळी एकटी येऊन सांगायचं, कळलं?" व्हय मॅडम, म्हणाली होती. मी विसरून गेले. ती विसरली नव्हती.

मी कीव, कीव म्हणून आठवडाभर कढत होते. कीव कसली? आज्ञा पाळली होती पोरीनं. माझ्यानंतर पुढं येऊन तिनं ते बरोबर करून दाखवलं असतं, तर ते माझी चूक चारचौघात काढणंच झालं असतं. म्हणून ज्या जागेसाठी वर्षभर वाट बघितली, ती हातानं सोडून देऊन घरी येऊन बसली. आणि वर आईला सांगितलं, मॅडमपुढं माझं काय चालतंय. त्या सतरंजीवर मला अक्षरशः तोंड लपवावंसं वाटलं, आणि लपवायला जागा नव्हती.

मी तिथंच बसून प्राचार्यांना फोन लावला. ती "मॅडम, नको, नको" म्हणत होती.

"सर, ते सॉफ्टवेअर खराब नाही. मला येत नव्हतं."

"आणि त्या मुलीला?"

"तिला येत होतं. माझ्यासमोर करायची चोरी वाटली तिला."

प्राचार्य मग म्हणाले, "मॅडम, विचार करून बोलताय ना?"

"नाही सर. विचार केला तर मी बोलणारच नाही."

पाठ परत घ्यायचे ठरले. आबा वैतागले होते म्हणे, "बायांनी काय खेळ मांडलाय" म्हणून, पण आले. तीच लॅब, तीच बारावी. मी आधी. यावेळी मी साधा एडिटर घेतला. जागा राखायची म्हणून घेतला, का तिला दाखवायला घेतला, माझं मलाही नक्की सांगता येणार नाही. घरी रोज सराव केला होता आणि घरी चालत होतं. जागा जावी अशी माझी अजिबात इच्छा नव्हती, हेही सांगून टाकते. फोन केला म्हणून काही मी साधू झाले नव्हते.

लिहिलं. फाईल ठेवली. काळी खिडकी उघडून हुकूम दिला. अशी फाईल नाही.

परत टाईप केलं, तेच उत्तर. समितीत कुणी हसलं नाही, आबाही नाहीत. मी वर्गाकडं वळले आणि विचारलं, "कुणाला दिसतंय का, काय चुकलं?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. एकजात. बघता बघता माझ्यासमोर नुसते डोक्यांचे भांग उरले. मी परत म्हटलं, "सांगा, मी रागावणार नाही." कुणी मान वर केली नाही.

मग शेवटच्या बाकावर ती उभी राहिली. उभी राहताना तिनं बाकाची कड घट्ट धरली होती. माझ्याकडं बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमचं चुकलंय. तुमी फाईल डेस्कटॉपवर ठेवलीय आन् हुकूम दुसऱ्याच फोल्डरात देताय."

"बरोबर," मी म्हणाले. फोल्डर बदलला, हुकूम दिला, प्रोग्रॅम चालला. मग खाली येऊन बसले. चारचौघात चूक निघाल्यावर कसं वाटतं, ते मुलांना उभं करताना मला कधी कळलं नव्हतं. फार वाईट वाटतं.

मग ती पुढं गेली. एडिटर उघडला आणि शिकवलं. फाईल कुठं बसते, हुकूम तिला कसा शोधतो, आयडीई हेच सगळं आपल्या पाठीमागं कसं करतं, आणि ते अडलं तर आपण का अडतो. शेवटी आयडीई उघडून प्रोजेक्टही बनवून दाखवला. बटण हिरवं झालं. मुलं माना वर करून बघत होती. आबांनी मधे विचारलं, "मग त्या दिशी तुझं का अडाकलं गं?" ती म्हणाली, "घाबरले व्हते आबा." एवढंच. माझं नाव काढलं नाही.

तास तिला मिळाले. मिळायलाच हवे होते. प्राचार्य माझ्याशी फार सौजन्यानं बोलले, "पुढं काही निघालं तर कळवतो" म्हणाले. समिती चहाला गेली, तिलाही बरोबर नेलं, आणि मी लॅबमध्ये माझी पुस्तकं, डबा, खुर्चीवरची उशी असं गोळा करत बसले. कॉलनीत आता काय सांगायचं, याची जुळवाजुळव डोक्यात चालू होती.

तेवढ्यात बारावीतली एक मुलगी दारात आली. मागं पुढं बघितलं, आणखी कुणी नाही याची खात्री केली, मग आत आली. अगदी जवळ येऊन, हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, एक सांगायचं व्हतं. मागच्या पाठाला प्रोजेक्ट बनवायचा राहिला व्हता तुमचा. म्हणून बटण करडं व्हतं. आमी ऑफ तासाला करून बघितलं व्हतं ते."

"तुला तेव्हाच माहीत होतं?"

"व्हय मॅडम."

"आणखी कुणाला?"

तिनं परत दाराकडं बघितलं. मग म्हणाली, "सगळ्यान्लाच, मॅडम."